डायड व्हिनियर : खरंच निसर्गाला धरून, की नुसता मुलामा?

गवाक्ष

सध्या पुण्यात बाणेरच्या एका फ्लॅटचं इंटिरियरचं काम माझ्याकडे चालू आहे. घरमालकीणबाईंना टीव्हीमागची भिंत आणि वॉर्डरोबची शटरं वेंगे या आफ्रिकी लाकडासारखी काळपट तपकिरी हवी आहेत. खरं वेंगे मात्र नको, कारण ते झाड संपत चाललंय असं त्यांच्या मुलीने कुठेतरी वाचलंय. शोरूमवाल्याने लगेच डायड व्हिनियरचा कॅटलॉग पुढे सरकवला. पानोपानी कोपऱ्यात हिरवं पान आणि खाली 'सस्टेनेबल'. मुलगी आठवीत आहे. तिने सरळ विचारलं, "पण झाड तोडलंच ना?" शोरूमवाला हसला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिनियर म्हणजे लाकडाचा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा काप. आपल्याकडे तो पातळ प्लायवर चिकटवून आठ बाय चारच्या शीटमध्ये मिळतो. नैसर्गिक व्हिनियरचा रंग झाडाचाच असतो. डायड म्हणजे फिकट लाकडाचा काप रंगाच्या पाण्यात शिजवून आरपार रंगवलेला. त्यातल्या रेषा झाडाच्या, रंग माणसाचा. 'रिकॉन'मध्ये रेषाही माणसाच्याच: पॉप्लर किंवा आयुससारख्या लाकडाचे पातळ थर सोलायचे, रंगवायचे, चिकटवून साच्यात दाबायचे आणि तो ठोकळा हवा तसा पुन्हा कापायचा. स्मोक्ड ओकची गोष्ट वेगळी. त्यात रंग घालत नाहीत, अमोनियाच्या वाफेने ओकमधलं टॅनिन काळवंडतं. शोरूममध्ये या सगळ्यांना सरसकट 'डिझायनर व्हिनियर' म्हणतात आणि भावही त्याच तोऱ्यात सांगतात.

प्रश्न असा, की त्या हिरव्या पानाच्या चित्रावर कितपत विश्वास ठेवावा? या धंद्यातल्या, लाकडातल्या, रंगातल्या लोकांनी सांगावं. 'लाकूडच वापरू नका' हा सल्ला नको, तो मला सासूबाई रोज देतात.

उचापती

सनमायका लावा आणि मोकळे व्हा. पुसायलाही बरं पडतं.

गवाक्ष

उचापती, तुम्ही येणार याची खात्रीच होती. लॅमिनेट म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेला कागद. त्यालाही झाड लागतंच. शिवाय कोपरा एकदा उडाला की शटर बदलायचं. पण तो वेगळा धागा होईल.

कान्तूकर

अरे वा, माझ्या गल्लीतला विषय! मी इटलीत, मिलानच्या उत्तरेला ब्रियांत्सा भागात राहते आणि एका फर्निचर कंपनीच्या खरेदीखात्यात आहे. हा सगळा टापूच सुतारांचा. शेजारच्या कान्तू गावातली ताबू ही कंपनी १९२७ पासूनची, लाकूड रंगवण्यासाठीच ओळखली जाते. रिकॉनचं नाव काढलं की मोदिल्यानाची आल्पी आठवते, ती १९१९ ची.

एका रंगशाळेत जायची संधी मिळाली होती. डोळ्यांनी बघितलेलं सांगते. काप आधी निवडतात: सायकॅमोर, मेपल, पॉप्लर, कोटो, म्हणजे फिकट आणि सच्छिद्र लाकडं. गरजेप्रमाणे हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करून लाकडाचा स्वतःचा पिवळेपणा घालवतात, नाहीतर निळा रंग द्यायला जावं तर हिरवट उतरतो. मग काप स्टीलच्या जाळीदार पिंजऱ्यात एकमेकांना चिकटणार नाहीत असे रचतात आणि अख्खा पिंजरा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद टाकीत सोडतात. गरम रंगपाणी, दाब, आणि थांबायची तयारी. लाकडाप्रमाणे आणि जाडीप्रमाणे काही तासांपासून काही दिवसांपर्यंत. बाहेर काढलेला काप भिजवलेल्या पापडासारखा हातात लोळतो. तिथला माणूस प्रत्येक घाण्यातून एक काप काढून त्याची पट्टी कात्रीने आडवी कापत होता आणि कड भिंगाखाली धरत होता. मध्ये फिकट रेघ दिसली की पिंजरा परत आत.

हीच कात्रीची चाचणी शोरूममध्येही करता येते. नमुन्याची ताजी कापलेली कड बघा. रंग आरपार नसेल तर ते डायड नव्हे, वरून स्टेन मारलेलं आहे. पहिला ओरखडा पडला की पांढरं दिसणार.

जाता जाता, लाकूड रंगवणं ही काही कालची टूम नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सायकॅमोरला लोहाच्या क्षाराने चंदेरी राखाडी करत आणि 'हेअरवुड' म्हणून भारी फर्निचरच्या जडावकामात वापरत. त्याच्याही आधी इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या लाकडी चित्रांमध्ये हिरव्या रंगासाठी एक विशिष्ट बुरशी लागलेलं लाकूड शोधून आणत. ती बुरशी लाकूड आतून निळसर हिरवं करते आणि तो रंग काही शतकांनीही टिकून आहे.

मोरपिशी

बुरशीचा हिरवा! कान्तूकर, यावर स्वतंत्र लेख येऊ द्या. वाचनखूण साठवली आहे.

रंगारी_इचल

आता माझा नंबर. उभी हयात इचलकरंजीत प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात गेली. लाकूड कधी रंगवलं नाही, पण रंगाचं पाणी ओळखतो.

आम्ही सुताला रिअॅक्टिव्ह डाय वापरतो. लाकडाला बहुतेक अॅसिड डाय चालतो, म्हणजे लोकरीला आणि रेशमाला वापरतात त्या घराण्यातला. ताईंनी ऑटोक्लेव्हचं छान सांगितलं, पण पिंजरा वर काढल्यावर खाली उरलेल्या पाण्याचं काय, हे कोणी विचारलं नाही. धंद्याचा सगळा हिशेब तिथे आहे. सगळाच्या सगळा रंग मालात कधीच चढत नाही, काही बाथमध्ये, म्हणजे त्या रंगपाण्यातच राहतो. शिवाय लाकूड स्वतः पाण्यात टॅनिन, साखरा, डिंक सोडतं. म्हणजे रंग नसता तरी ते पाणी नदीतला प्राणवायू खाणारंच. आणि डाय मेटल-कॉम्प्लेक्स प्रकारातला असेल तर त्यात क्रोमियम किंवा कोबाल्ट असतं. हे डाय वाईट म्हणून वापरतात असं नाही बरं का. उलट उन्हाला तेच जास्त टिकतात. त्यामुळे 'आमचा रंग कधी उडत नाही' असं जो छाती ठोकून सांगतो, त्यालाच विचारायचं, की मग पाण्यातला धातू कुठे काढता?

चांगला कारखाना जुना बाथ फेकत नाही, मोजून त्यातच रंगाची भर घालतो आणि पुढचा लॉट काढतो. काळ्या-तपकिरी शेडला हे सहज जमतं, फिकट शेडला अवघड. म्हणजे घरमालकीणबाईंची काळपट आवड या बाबतीत सोयीचीच आहे. पाणी शेवटी सोडायचंच तर प्रक्रिया करून, गाळ वेगळा काढून. तो गाळही घातक कचरा म्हणून रीतसर जायला हवा.

पंचगंगेकाठी राहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. नदीला फेस आला, मासे मेले, की दोन दिवस पेपरात फोटो येतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा झाड तोडलं का, हा पोरीचा प्रश्न बरोबरच आहे. पण माझा प्रश्न त्याच्या आधीचा: पाणी कुठे गेलं?

उचापती

+१. काका, हे चहाच्या टपरीवर ऐकवा, दोन तास कोणी उठणार नाही.

बल्लारशा

रंगारीकाकांशी सहमत, पण मला वेगळीच चीड आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यातला. आमच्याकडचा आलापल्ली-बल्लारशाहचा साग देशात नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान इथूनच गेलं. वनविभागाच्या डेपोत ओंडक्यावर हातोड्याचा छाप, नंबर, मोजमाप, लिलाव, वाहतूक पास, सगळं कागदावर असतं. आणि पुण्या-मुंबईचे डिझायनर काय मागतात? 'बर्मा टीक'. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतल्यावर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. तरी आपल्या बाजारात बर्मा टीक व्हिनियरचे गठ्ठे आहेतच. कुठून, कसे, कुठल्या वाटेने, हे विचारलं की दुकानदार चहा मागवतो.

मग मला सांगा, आपल्याच सागाचा नैसर्गिक काप लावायचा सोडून पॉप्लर इटलीत नेऊन, रंगवून, जहाजाने परत आणण्यात कसली आली सस्टेनेबिलिटी?

गवाक्ष

बल्लारशा, सागाबद्दल शंभर टक्के मान्य. पण बाईंना साग नकोय, काळपट हवंय. वेंगे मध्य आफ्रिकेतलं आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'धोक्यात' या वर्गात. शिसवी म्हणावं तर ती ज्या डॅल्बर्जिया कुळातली, त्यातल्या जवळजवळ सगळ्या जाती २०१७ च्या जानेवारीपासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ते बंधन देशाबाहेरच्या व्यापाराला आहे, घरात लावायला नाही, हे मला माहीत आहे. पण मोठ्या शिसवीच्या ओंडक्याला आज काय भाव आहे हे तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ज्या ठिकाणी अन्यथा दुर्मिळ लाकूडच गेलं असतं, तिथे लवकर वाढणाऱ्या झाडाचा रंगवलेला काप गेला तर त्याचा फायदा खरा आहे. साग चालत असताना उगाच डायड लावण्यात मात्र काही अर्थ नाही.

आता एक हिशेब मांडते. काल रात्री वहीत केला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आठ बाय चारच्या शीटचं क्षेत्रफळ जवळजवळ तीन चौरस मीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या कापाचं लाकूड झालं दीड लिटर. हो, लिटरच म्हणते, कारण डोळ्यांसमोर येतं. त्याच्या पाठीवरचा तीन मिलिमीटरचा प्लाय नऊ लिटर. आणि हे सगळं ज्या अठरा मिलिमीटरच्या प्लायवर बसणार, तो साडेत्रेपन्न लिटर. म्हणजे आपण इथे दीड लिटरवरून भांडतोय आणि मागच्या बासष्ट लिटरबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कॅटलॉगमधलं हिरवं पान त्या दीड लिटरचं आहे.

मागचा प्लाय कुठला, हे आता मी प्रत्येक कामात विचारणार. हरियाणातल्या यमुनानगरचा असेल तर बहुतेक शेतातला पॉप्लर आणि निलगिरी असतो. पॉप्लर पाच ते सात वर्षांत कापायला येतो. हिवाळ्यात त्याची पानं गळतात, म्हणून ओळींमधल्या गव्हाला ऊन मिळतं आणि शेतकऱ्याला दोन्हीकडून पैसे. प्लायचा वरचा थर गर्जन या लाकडाचाच हवा असा हट्ट धरणाऱ्याने मात्र ते गर्जन कुठल्या जंगलातून येतं तेही विचारावं. आणि डिंकाचं बघा. घरातल्या हवेत फॉर्मल्डिहाइड सोडणार ते मागचं साठ लिटर, वरचा काप नव्हे. ई-झिरो किंवा ई-वन (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणाऱ्या प्लायच्या प्रती) लिहून घ्या, तोंडी नको. प्लायवर आयएस (भारतीय मानक) ३०३ किंवा ७१०, सजावटीच्या शीटवर आयएस १३२८.

मोरपिशी

गवाक्ष, तो हिशेब त्या आठवीतल्या मुलीला दाखवा! मी रत्नागिरीत घर बांधतेय. कोकणात डायड व्हिनियर चालेल का? पावसाळ्यात इथे चपलांनाही बुरशी येते.

पॉलिशपेपर

ताई, मी सुताराच्या घरातला, पॉलिशची कामं घेतो. कोकणात चालतं, पण बाहेरच्या भिंतीला चिकटून असलेल्या पॅनलला नको. ओल मागून येते, पुढून नाही. भिंत आणि पॅनल यांच्यात फ्रेम ठेवा, हवा खेळू द्या. प्लायला मागच्या बाजूनेही सीलर किंवा बॅकिंग हवं, नाहीतर शटर वाकतं आणि बोल मिस्त्रीला.

साइटवर होणारा घोटाळा सांगतो. डायड शीट आली की पॉलिशवाला नेहमीच्या सवयीने घासायचं मशीन लावतो. वरचा काप अर्धा मिलिमीटर, त्यातला कारखान्यातच थोडा घासला गेलेला. रंग आरपार असला तरी काप स्वतः आरपार गेला की खालचा प्लाय दिसणारच. हाताने, बारीक पॉलिशपेपरने, रेषांच्या दिशेने घासा. बस्स.

दुसरं, पॉलिश मारायच्या आधी पांढरं फडकं पाण्याने ओलं करून कोपऱ्यात घासा. नंतर दुसरं फडकं थिनरने. फडक्यावर रंग आला तर तो सुटणारा आहे, मग आधी सीलरचा पातळ हात द्यावा लागेल. नाहीतर काळ्या पट्टीचा रंग शेजारच्या पांढऱ्या मेपलमध्ये उतरतो आणि ते नंतर कशानेही निघत नाही.

आणि गवाक्षताई, तुम्ही ई-झिरो प्लाय आणून वर मेलामाइन पॉलिश मारणार असाल तर काय उपयोग? मेलामाइन आम्लाच्या हार्डनरने सुकतं आणि सुकताना तेच फॉर्मल्डिहाइड सोडतं. डोळे चुरचुरतात ते त्यानेच. आम्ही आयुष्यभर ते हुंगलंय, कोणी आमच्यासाठी हिरवं पान छापलं नाही. पाण्यातलं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मागा, यूव्ही रोखणारं. महाग आहे आणि सुकायला सवड लागते, म्हणून कॉन्ट्रॅक्टर टाळतो.

रंगारी_इचल

शेवटची ओळ सोन्याची. मास्कसुद्धा देत नाहीत पोरांना.

यूव्हीचा विषय निघालाच आहे तर. कपड्याला आम्ही उन्हाचा टिकाऊपणा ब्लू वूलवर मोजतो, एक ते आठ. निळ्या लोकरीच्या ठरावीक पट्ट्या आणि नमुना एकाच दिव्याखाली ठेवायचे, नमुना कुठल्या पट्टीबरोबर उडतो ते बघायचं. व्हिनियर कंपनीकडे हा आकडा मागा. आतल्या भिंतीला सहाच्या खाली घेऊ नये असं माझं मत. आकडा देत नसतील तर घरगुती उपाय: नमुन्यावर अर्ध्या भागाला काळा कागद चिकटवा आणि दक्षिणेच्या खिडकीत टाकून द्या. महिन्याने कागद काढा.

लक्षात घ्या, उडतो तो फक्त रंगच असं नाही. लाकडातलं लिग्निन उन्हाने पिवळं पडतं. म्हणून राखाडी आणि निळ्या शेड हिरवट व्हायला लागतात, आणि लोक कंपनीला शिव्या देतात की रंग बदलला. रंग जागेवरच असतो, खालचं लाकूड पिवळं झालेलं असतं. तपकिरीत हे कळत नाही.

आणखी एक. दुकानातल्या दिव्याखाली शेड पसंत करू नका. दोन तपकिरी एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्यात एक लालसर एक हिरवट, हे आमच्याकडे रोजचं आहे. नमुना घरी न्या, खिडकीशी बघा, रात्री तुमच्या एलईडीखाली बघा. आणि लागणाऱ्या सगळ्या शीट एकाच लॉटच्या घ्या, दोन जास्त. पुढच्या लॉटची शेड तंतोतंत येत नसते, कोण काहीही सांगो.

बल्लारशा

'एकाच लॉटच्या, दोन जास्त' म्हणजे पुन्हा जास्त झाडं. हलकेच घ्या, काका :)

गवाक्ष, बासष्ट लिटरवर बोलती बंद. पण मग सर्टिफिकेटचं काय? एफएससीचा, म्हणजे नीट राखलेल्या जंगलातलं लाकूड असं प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा शिक्का असला की झालं का?

कान्तूकर

नाही झालं. हे माझं रोजचं काम आहे म्हणून ठासून सांगते. एफएससी १९९३ ची संस्था. शिक्क्याचे प्रकार आहेत: '१०० टक्के' म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं; 'मिक्स' म्हणजे त्यात प्रमाणित नसलेलं पण तपासलेलं लाकूड किंवा रिसायकल केलेलंही असू शकतं. मिक्स वाईट नाही, पण ते १०० टक्के नाही. आणि कॅटलॉगवरच्या चिन्हाला काहीही किंमत नाही. जंगलापासून दुकानापर्यंतच्या साखळीतल्या प्रत्येकाकडे कोड असावा लागतो आणि तो दावा तुमच्या बिलावर, त्या मालाच्या ओळीत छापलेला असावा लागतो. मधला एक व्यापारी बिनकोडाचा असला की साखळी तुटली.

भारतानेही डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःची वन आणि लाकूड प्रमाणन योजना आणली आहे. तिच्यात जंगलाबाहेरची, शेतातली झाडंही येतात. यमुनानगरच्या पॉप्लरला तिचा फायदा होऊ शकतो. इकडे युरोपने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध कायदा केला. लाकूड नेमक्या कुठल्या जमिनीच्या तुकड्यावरून आलं तेही सांगायला लावणारा. अंमलबजावणी पुढे ढकलतात, पण आमच्या पुरवठादारांचे धाबे दणाणलेले आहेत. यातलं काहीही रंगाच्या पाण्याबद्दल बोलत नाही, हे मात्र रंगारीकाकांचं बरोबर. जंगलाचं सर्टिफिकेट जंगलापुरतं. पाण्याचं वेगळं मागायचं.

गवाक्ष

सगळ्यांचे आभार. काल शोरूममध्ये परत गेले होते. तीन गोष्टी लेखी मागितल्या: मूळ लाकूड कुठलं, पाण्यावर प्रक्रिया कुठे होते, उन्हाचा आकडा किती. शोरूमवाल्याने एका कंपनीला फोन लावला, तिथून लाकडाचं नाव आणि ब्लू वूलचा आकडा मेलवर आला. पाण्याबद्दल 'हेड ऑफिसला विचारतो'. दुसऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, ग्राहक फक्त शेड विचारतात." तिचा कॅटलॉग मी बाजूला ठेवला.

बाईंशी बोलून ठरलं ते असं: टीव्हीची भिंत डायड, पण अर्धीच, उरलेली भिंत नुसती रंगवायची. वॉर्डरोब बाहेरून चंद्रपुरी सागाचा नैसर्गिक काप, आतून साधं लॅमिनेट (उचापती, खूश?). मागचा प्लाय सगळा शेतातल्या लाकडाचा, ई-झिरो. पॉलिश पाण्यातलं. बजेट वाढलं ते भिंत अर्धी केल्याने बरंचसं भरून निघालं. मुलीला लिटरचा हिशेब दाखवला. ती म्हणाली, "मग वॉर्डरोब एवढा मोठा कशाला?" आई आता माझ्याशी जरा कमी बोलते.

उचापती

मुलगी हुशार आहे, माझ्या पार्टीत घ्या. एक खरा प्रश्न: समजा या काळ्या व्हिनियरला ओरखडा पडला किंवा टिकलीएवढा तुकडाच उडाला, तर अख्खं शटर टाकायचं का? तसं असेल तर सनमायकापेक्षा वेगळं काय?

पॉलिशपेपर

नाही टाकायचं. नुसता ओरखडा असेल तर रंग आरपार असल्यामुळे पॉलिशचा हात फिरवला की जवळजवळ दिसत नाही. तुकडा उडाला असेल तर म्हणूनच त्या जास्तीच्या शीटमधली हातभर पट्टी वॉर्डरोबच्या मागे ठेवून द्यायची, मागे पेन्सिलने लॉट नंबर लिहून. उडालेली जागा होडीच्या आकारात कापायची, टोकं रेषांच्या दिशेने. चौकोन कापला तर आडव्या कडा कायम दिसतात. त्याच मापाचा तुकडा त्या पट्टीतून रेषा जुळवून काढायचा, खाली पातळ फेव्हिकॉल, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर प्लायचा तुकडा आणि क्लॅम्प. रात्रभर तसंच. सकाळी बारीक पेपर आणि पॉलिशचे दोन हात. नवीन तुकडा सुरुवातीला किंचित गडद वाटेल, कारण बाकीच्याने ऊन खाल्लेलं असतं.